खिंडीतला डांबरी रस्ता: राजगड–तोरणा चालीतल्या एका दिवसाचा अभ्यास

राजगड–तोरणा–रायगड ही सह्याद्रीतली जुनी आणि मानाची लांब पल्ल्याची चाल. पहिल्या दिवशी राजगड चढायचा, संजीवनी माचीवरच्या अळू दरवाज्यातून पलीकडे उतरायचं आणि सोंडेसोंडेने (डोंगराच्या उतरत्या धारेवरून) तोरण्याची बुधला माची गाठायची. दुसऱ्या दिवशी गेळगाणी, हारपूड करत मोहरी. तिसऱ्या दिवशी बोराट्याच्या नाळेने (कड्यातल्या अरुंद, उभ्या घळीने) लिंगाण्याच्या पायथ्याशी उतरून रायगडाकडे. आमच्या नऊ जणांची ही चाल पहिल्याच संध्याकाळी मोडली. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं हाडही मोडलं नाही, त्यामुळे बातमी होण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरीही हे सविस्तर लिहायचं कारण असं की घरी परतल्यावर ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, "पाणी कमी पडलं." पाणी कमी पडलं नव्हतं.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. जानेवारीत निघायचं ठरलं होतं, पण कुणाची परीक्षा, कुणाच्या घरचं लग्न असं करत महिना सरला. पुण्याहून गुरुवारी रात्री निघून राजगडाच्या पायथ्याला पाली गावात एका घराच्या पडवीत पाठ टेकली, तोवर एक वाजून गेला होता. गटात सगळ्यात लहान म्हणजे कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि सगळ्यात थोरले सत्तावन्न वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. काकांनी ही चाल तरुणपणी केली होती, त्यामुळे वाटेची चर्चा निघाली की शेवटचा शब्द त्यांचा. लीडर तिशीतला मुलगा, वाट नीट माहीत असलेला आणि स्वभावाने शांत. मी शेवटाला चालत होतो. मागे कोण रेंगाळतंय, कुणाचा बूट चावतोय हे बघायचं काम माझ्याकडे होतं.

प्रत्येकाच्या पाठीवर बारा ते चौदा किलोची सॅक होती. सामाईक सामान वाटून घेतलेलं: एकाकडे शेगडी, दुसऱ्याकडे गॅसची नळकांडी, तिसऱ्याकडे पातेली, तांदूळ-डाळ दोघांत, औषधांचा डबा मुलीकडे, तीस मीटरचा दोर काकांकडे. वजन सारखं पडावं म्हणून सगळेच असं वाटप करतात. या वाटपाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

कागदावरची वेळ

लीडरच्या कागदावर दिवसाचा आराखडा होता. पालीहून पहाटे साडेपाचला निघणं, साडेसातला गडावर, साडेआठला गड सोडणं, साडेअकराला दोन गडांमधल्या खिंडीत, अडीचला तोरण्यावर. हे आकडे कुठून आले? राजगड–तोरणा एका दिवसात करणाऱ्यांच्या तोंडून. पण ती माणसं पाठीवर छोटी पिशवी टाकून येतात. त्यात दोन बाटल्या, डबा आणि एक जर्किन. संध्याकाळी वेल्ह्यात उतरून वडापाव खातात आणि पुण्याची गाडी धरतात. त्यांचा वेग खराच असतो, पण तो त्यांच्या ओझ्याचा वेग असतो.

डोंगरातल्या वेळेचं गणित मांडायचा एक जुना नियम आहे. स्कॉटलंडचा गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ याने 1892 साली मांडलेला: सपाटीवर तासाला 5 किलोमीटर, वर प्रत्येक 600 मीटर चढाईला एक तास जादा. आमच्या दिवसाची चाल पंधराएक किलोमीटरची आणि एकूण चढाई बाराशे-तेराशे मीटरच्या घरातली. नियमाने सव्वापाच तास येतात. आम्हाला पावणेचौदा लागले. नाइस्मिथचा माणूस तंदुरुस्त, हलक्या ओझ्याचा आणि थंड हवेतला आहे. फेब्रुवारी अखेरीला मावळातल्या उघड्या सोंडेवर, वाळलेल्या गवतावरून घसरत, चौदा किलो घेऊन चालणारा नाही. नियमाला दोष देण्यात अर्थ नाही, पण निदान दुपटीने गुणायला काय हरकत होती?

प्रत्यक्षात आम्ही पाली दरवाज्यात पोचलो सव्वाआठला. हा राजमार्ग, गडावर यायच्या वाटांतला सगळ्यात सोपा, पायऱ्या रुंद आणि प्रशस्त. तरी पावणेतीन तास. पद्मावती माचीवर देवळाजवळ पाणी भरून घेतलं, प्रत्येकी तीन लिटर. साडेआठला गड सोडायचा होता. पण कुणीतरी म्हणालं, "आलोच आहोत तर बालेकिल्ला करून येऊ." राजगडावर येऊन बालेकिल्ल्याला पाठ दाखवायची हे मराठी माणसाच्या जिवावर येतं, हे मान्य. 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे, त्यामुळे ते वाटणं आणखी वाढलंय. लीडरने दोनदा घड्याळ बघितलं, पण काकाच पुढे निघाल्यावर तो गप्प बसला. सॅका खाली ठेवून बालेकिल्ला, परत येऊन ताक आणि पोहे, असं करता करता गड सोडायला सव्वादहा झाले.

पुढे संजीवनी माची. जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, दुहेरी तटबंदीची, चिलखती बुरुजांची. बघायला अप्रतिम आणि मोठी सॅक घेऊन चालायला वैतागवाणी. अरुंद दरवाज्यांत सॅक अडकते, पायऱ्या उंच, दोन्ही बाजूंनी तापलेला दगड. अळू दरवाज्यातून बाहेर पडायला पावणेबारा वाजले. त्याखालचा उतार म्हणजे नुसता घसारा. मुरूम आणि बारीक खडे, वर वाळक्या गवताची साय. हात टेकायला कारवी, तीही सुकून काटकुळी झालेली. दोघं घसरून बसली, एकाच्या तळहाताचं साल गेलं.

सव्वा वाजता

वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता राजगड आणि तोरणा यांच्यामधली खिंड ओलांडतो. आम्ही तिथे पोचलो सव्वा वाजता. शनिवार-रविवारी एक बाई ताडपत्रीखाली लिंबू सरबत विकायला बसते. त्या दिवशी शुक्रवार होता. ताडपत्री गुंडाळून दगडाखाली दाबून ठेवलेली.

आम्ही कागदापेक्षा पावणेदोन तास मागे होतो. ऊन डोक्यावर. समोर सोंडेची उघडी चढण, मग डोंगरधारेवरचे चढउतार, मग बुधला माचीखालचा कातळटप्पा, ज्यावर लोखंडी शिडी आहे. सूर्यास्त साडेसहाच्या पुढेमागे. कागदाप्रमाणे इथून तोरणा तीन तास, म्हणजे सव्वाचार. सकाळपासून कागदाच्या सव्वापटीहून थोडा जास्त वेळ लागत होता; दीडपट धरला, तरी साडेपाच-सहा. जमण्यासारखं वाटत होतं, आणि गोम तिथेच होती. जमणार नाही असं दिसलं असतं तर कुणीही गाडी बोलावली असती.

लीडरने सगळ्यांना विचारलं. त्या क्षणी कुणी आजारी नव्हतं. काका रस्त्याच्या कडेला सॅकला टेकून बसले होते, डोळे मिटून. चेहरा लाल, पण सगळ्यांचाच होता.

"काका, ठीक आहात ना?"

"अरे, मला काय धाड भरलीय! तुम्ही पोरं दमलात वाटतं."

हशा झाला आणि विषय संपला. थोरल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, आणि मग "दमलो" म्हणायची त्यांचीही सोय उरत नाही.

त्या रस्त्यावर आमच्यापुढे खरं तर चार वाटा होत्या. एक, तसंच पुढे जाणं. दोन, वेल्ह्याहून जीप बोलावून नऊच्या नऊ जणांनी गावात उतरणं. तीन, सावली शोधून चारपर्यंत पडून राहणं, म्हणजे शिडी अंधारात. चौथी कुणाला सुचलीच नाही: सॅका तेवढ्या जीपने वेल्ह्याला पाठवायच्या, दोन-दोन बाटल्या घेऊन हलक्या पाठीने तोरणा करायचा आणि रात्री वेल्ह्यात उतरायचं. दुसऱ्या दिवसाची आखणी त्याने बदलली असती, मोहरीकडची वाट नव्याने जुळवावी लागली असती. पण ती न सुचण्याचं खरं कारण निराळं. सगळं ओझं स्वतःच्या पाठीवर, सलग पायी, मध्ये गाडी नाही, ही अट कुणी घातली नव्हती आणि सगळे पाळत होते. लांब पल्ल्याच्या चालीत ही मिजास फार लवकर चढते.

लीडरने पुढे जायचं ठरवलं. सोंडेवर एक धनगराचं घर आहे, तिथे पाणी मिळेल, हा त्याचा आधार. मी तेव्हा तिथे होतो आणि मला तो निर्णय वावगा वाटला नव्हता.

धनगराच्या घरी

चढणीवर काकांचा वेग पडला. आधी दर वळणावर उभं राहणं, मग दर पंधरा पावलांवर. मी मागे असल्यामुळे जवळून दिसत होतं: शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले आणि पावलं थोडी तिरकी पडत होती. पोटरीत गोळा आला म्हणून खाली बसले. उठवलं तर म्हणाले, डोकं ठणकतंय, मळमळतंय. मी विचारलं, "काका, लघवीला कधी जाऊन आलात?" थोडं आठवून म्हणाले, "सकाळी, गड चढायच्या आधी." तेव्हा पावणेतीन झाले होते.

घरापर्यंत पोचायला आणखी अर्धा तास गेला. बाहेर कुडाची पडवी, शेणाने सारवलेली, त्यात दोन करडं बांधलेली. एक आजी होत्या. काकांना बघून काही न विचारता त्यांनी घोंगडी अंथरली.

"आरं, दुपारच्याला कशाला निगालात? गुरंबी सावलीला बसत्यात."

मुलीने औषधाचा डबा उघडला, ओआरएसची पुडी काढली आणि सरळ अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी साडेवीस ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते, पुडीवर तसं छापलेलंही असतं. पण धावपळीत बाटली दिसते, पुडी दिसते, छापलेलं दिसत नाही. दुप्पट तीव्रतेचं ते पाणी काकांनी तीन-चार घोट घेतलं आणि उलटी केली. मिश्रण पातळ करून, दोन-दोन मिनिटांनी एक-एक घोट द्यायला लागल्यावर मात्र पोटात टिकलं. बूट-मोजे काढले, मानेवर आणि काखेत ओला पंचा ठेवला, वारा घातला. अर्ध्या तासाने ते नीट बोलायला लागले. भान पूर्ण होतं, म्हणजे गोष्ट उष्माघातापर्यंत गेली नव्हती. ती गेली असती तर त्या सोंडेवर आमच्या हातात फारसं काही नव्हतं.

ओआरएस कालवण्यासाठी बाटली शोधताना मी काकांची सॅक उघडली. आत एक लिटरची बाटली काठोकाठ भरलेली आणि दुसरीत पाव लिटर. गडावरून निघताना तीन लिटर घेतलं होतं, म्हणजे पाच तासांत पावणेदोन लिटर गेलं. आणि त्यातलंही काही त्यांनी संजीवनीवर मुलांना दिलं होतं. स्वतः प्याले असतील जेमतेम एक लिटर. अशा उन्हात, असं ओझं घेऊन चालताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. "तोरण्यावर टाकी कशी असतील कुणास ठाऊक, म्हणून राखून ठेवलं होतं," ते म्हणाले. मग मी सगळ्यांच्या बाटल्या बघितल्या. नऊ जणांत मिळून सहा लिटरच्या वर पाणी शिल्लक होतं. एकाकडे दीड लिटर, एकाची बाटली कोरडी. पाणी गटात होतं, पण ज्याला हवं होतं त्याच्या पोटात नव्हतं.

तेवढ्यात आमच्यातल्या दोघांनी आजींकडे "बाटल्या भरून मिळतील का" म्हणून विचारलं होतं, आणि आजींनी हंडा उतरवून दिलाही. नंतर कळलं की तो हंडा त्यांनी दुपारी खालच्या झऱ्यावरून आणला होता, जायला-यायला पाऊण तास, फेब्रुवारीत धार बारीक असते म्हणून भरायला वेगळा वेळ. नऊ बाटल्या भरल्या की त्यांची संध्याकाळची खेप ठरलेली. पाण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "पान्याचं कुठं घेत्यात व्हय?" ताकाचे मात्र मोजून घेतले. पुढे लीडरने दोघांना कॅन देऊन झऱ्यावर पाठवलं आणि हंडा भरून दिला. हे चांगलं झालं. "वाटेत घर आहे, पाणी मिळेल" हे वाक्य आराखड्यात लिहिताना ते पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं हे कुणी लिहीत नाही.

सॅका उघडल्या

सव्वाचार झाले. काका वर चढणार नाहीत हे उघड होतं. लीडरने ठरवलं: काका, मी आणि आणखी एक जण रस्त्यावर उतरायचं, तिथून जीपने वेल्ह्याला. बाकी सहा जणांनी तोरणा गाठायचा. सोंडेवर वेल्ह्याच्या बाजूला तोंड केलं की फोनला रेंज येत होती, जीपवाल्याशी बोलणं झालं.

आणि मग ते वाटप आडवं आलं. दोर काकांकडे, पण तो वर लागणार. औषधं मुलीकडे, ती वर जाणार, आणि गरज खाली. तांदूळ एका बाजूला, डाळ दुसऱ्या. पडवीसमोर नऊ सॅका उघडून बाजार मांडला. घाईघाईत अदलाबदल करता करता चाळीस मिनिटं गेली, म्हणजे उजेडातली चाळीस मिनिटं. आणि एवढं करूनही शेगडी वर गेली आणि गॅसची नळकांडी माझ्याबरोबरच्या मुलाच्या सॅकच्या तळाशी खालीच राहिली. रात्री तोरण्यावरच्या मेंगाईच्या देवळात सहा जण शेगडी मध्ये ठेवून चुरमुरे आणि शेंगदाण्याचे लाडू खात बसले.

आम्ही तिघं काकांना मध्ये घेऊन हळूहळू उतरलो, सहा वाजता रस्त्याला लागलो. वेल्ह्यात डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तपासून रात्रभर पाणी-सरबत चालू ठेवायला आणि झोपायला सांगितलं. सकाळी काका चहा मागत होते. वरची मंडळी शिडीपाशी सव्वासहाला पोचली, शेवटचे दोघं विजेरीच्या उजेडात चढले. कोकण दरवाज्यातून आत शिरायला सव्वासात झाले. वर टाक्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बिनी दरवाज्याने सरळ वेल्ह्यात उतरले आणि सगळे एकाच गाडीने पुण्याला आलो.

यात नेमकं काय चुकलं याबद्दल गटात दोन तट पडले. एक म्हणतो, बालेकिल्ला. त्यात तासाभराच्या वर वेळ गेला हे खरं, पण तो वाचला असता तरी काका बारा-साडेबाराच्या उन्हात त्याच सोंडेवर असते आणि पाणी तसंच राखून ठेवत असते. दुसरा म्हणतो, गट फोडायला नको होता. मला हेही पटत नाही. त्या घरापाशी सव्वाचारला ज्या वाटा उरल्या होत्या त्यांतली ती बरी वाट होती. नऊ जणांनी उतरणं अधिक सुरक्षित झालं असतं, पण सहाही जण ठणठणीत होते, लीडर त्यांच्याबरोबर होता, दोर होता.

माझं बोट खिंडीवर आहे. एका दिवसाच्या ट्रेकमध्ये मागे फिरायला काही पडत नाही. लांब पल्ल्यात मागे फिरण्याची किंमत तासातासाला चढत जाते. सव्वा वाजता डांबरी रस्त्यावर ती होती जीपचं भाडं आणि थोडी नाचक्की. गट अखंड, सॅका बंद, माणसं धडधाकट. सव्वाचारला सोंडेवर ती झाली आजारी माणसाला धरून उतरणं, नऊ सॅका उपसणं आणि सहा जणांचा वाया गेलेला उजेड. शिडी चढून गेल्यावर तर सकाळपर्यंत परतीची सोय कुठल्याच किमतीला मिळाली नसती. पण स्वस्तात सुटता येतं त्या जागी सुटायचं कारण दिसत नाही, कारण तोवर काही बिघडलेलंच नसतं. लीडरने तिथे विचारलं, "कुणाला त्रास होतोय का?" विचारायला हवं होतं, "कुणी किती प्यालं? बाटल्या दाखवा." पहिल्या प्रश्नाला काकांनी हसून उत्तर दिलं. दुसऱ्याला भरलेली बाटली उत्तर देऊन गेली असती.

पुढच्या हंगामासाठी आखणी नव्याने केली आहे. सामान नऊ जणांत न वाटता तिघातिघांच्या गटात वाटायचं: प्रत्येक तिघांकडे स्वतःची छोटी शेगडी, गॅस, औषधं, ओआरएस आणि एक लिटरची खूण केलेली बाटली. दोर एकच, तो लीडरच्या सॅकमध्ये. यात एकूण वजन दोन किलोच्या वर वाढतंय आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली आहे. आधल्या दिवशी राजगड स्वतंत्र करून खाली गावात मुक्काम, असा चार दिवसांचा आराखडा लीडरने मांडलाय. रजा मिळत नाही म्हणून तिघांचा विरोध आहे. खिंडीची वेळ साडेअकरा ठरली आहे. त्यानंतर पोचलो तर चर्चा नाही, जीप. साडेअकरा फार कडक आहे, बारा करा, असं काकांचं म्हणणं आहे. ते येणार आहेत.